बघ्या

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत गेम खेळणाऱ्या पोरांना तोटा नाही. निवृत्ती चौकात रात्री मोबाइल आडवे धरून बसलेली टोळकी "मागनं आला, मागनं आला!" म्हणून बोंबलत असतात. त्यांतल्या एकाला विचारा, "काल किती मारलीस?"

"मारतोय कुठं! घर बघत हुतो."

हा बघ्या. गेममध्ये पळण्याचं बटण असतं, हे त्याला मान्यच नाही. शत्रू नाही, गुण नाहीत, नुसतं हिंडायचं आणि पडलेल्या वस्तूंवरून गोष्ट ताडायची, असले गेम तो हुडकून आणतो. 'फायरवॉच'मध्ये वायोमिंगच्या जंगलात वणव्यावर नजर ठेवणारा एकटा माणूस आणि वॉकी-टॉकीवर एका बाईचा आवाज. ती बाई शेवटपर्यंत समोर येत नाही, हे सांगताना बघ्याचा गळा दाटतो. आई विचारते, "मग रातभर बघत काय हुतास?"

माझं मत असं, की पेठेत एकांत फुकट मिळत नाही म्हणून बघ्या तो विकत घेतो. शिवाजी तरुण मंडळानं फुटबॉलचा सामना मारलेल्या रात्री हेडफोन दाबून जंगलातला वारा ऐकायचा, ही साधनाच म्हणायची.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. त्यात हाणामारी भरपूर. ती तो नाइलाजानं उरकतो आणि भित्तिचित्रांपुढं ठाण मांडतो. त्यातली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली बघून 'आता पिंगुळीला जाऊन खऱ्या चामड्याच्या बाहुल्या बघायच्याच' असं ठरलंय. अजून रंकाळा ओलांडलेला नाही.

सध्या 'गॉन होम' चालू आहे. साल १९९५, परदेशातून परतलेली मुलगी, घरात चिटपाखरू नाही. वाट ठाऊक असणारे मिनिटभरात शेवट गाठतात. बघ्या आठवडाभर कप्पे उघडून चिठ्ठ्या वाचतोय. परवा आज्जी शेजारी येऊन बसली. एक अक्षर वाचता न येता तिनं निकाल दिला, "धाकटीचं कायतरी बिनसलंय. आईबाप आपल्याच नादात. आन् त्या माळ्याला कुलूप का रं?"

"किल्ली घावंना, आज्जी."

"मग हितं खाली काय झाडलोट करतोयस? आदी किल्ली हुडीक!"