कान्जी-सान

जपानी ऑफिसात वर्षाला मेजवान्या किती होतात, हे विचारू नये. डिसेंबरात सरत्या वर्षाचा ताप विसरायला बोनेनकाई, जानेवारीत शिननेनकाई. मार्चात जाणाऱ्यांची सोबेत्सुकाई, एप्रिलात येणाऱ्यांची कांगेइकाई, त्यातच साकुराखाली हानामी, आणि एखादं मोठं काम हातावेगळं झालं की उचिआगे. मेजवानी कुठलीही असो, निस्तरायला माणूस एकच. त्याला कान्जी म्हणतात. (चित्रलिपीलाही कान्जीच म्हणतात, पण तिचा ताप शाळेपुरता, याचा रिटायर होईपर्यंत.)

खरं तर हे काम आळीपाळीने धाकट्यांकडे जायचं. पण एखाद्याने ते एकदा बरं केलं, की जन्माचं त्याच्या गळ्यात पडतं.

नोव्हेंबर उजाडला की कान्जी-सान तारखांचा तक्ता पाठवतो. येणार असाल तर गोल, नसाल तर फुली, नक्की नसेल तर त्रिकोण. बघता बघता तक्ता त्रिकोणांनी भरतो. तोंडावर नाही म्हणणं जपानी माणसाच्या जिवावर येतं, त्याची त्रिकोणाने फारच सोय केली आहे. ज्या शुक्रवारी सगळ्यांचे गोल, त्याच शुक्रवारी साहेबांची फुली.

मग इझाकाया, म्हणजे बसून खाण्यापिण्याचं ठिकाण, शोधायचं. ऑफिसातून चालत जाता आलं पाहिजे, पण शेजारचं खातं पलीकडच्या टेबलावर सापडेल इतकं जवळ नको. बुचोंचे, म्हणजे मोठ्या साहेबांचे, गुडघे दुखतात. तेव्हा टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असलेली बैठक हवी. दारापासून सगळ्यांत लांबची जागा त्यांची. दाराला खेटून असलेली, जिथे वाढपी येताजाता धक्के देतात, ती कान्जी-सानची.

ग्लास भरले तरी ‘कानपाई’ झाल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत. बुचो ‘दोनच शब्द’ बोलायला उठतात. बिअरचा फेस हळूहळू खाली बसतो, बुचो अजून एप्रिल महिन्यातच असतात. सगळे त्यांच्याकडे बघतात, कान्जी-सान फेसाकडे आणि घड्याळाकडे. कारण नोमिहोदाई, म्हणजे हवं तेवढं प्या, दोनच तासांची; भाषणाचा वेळ त्यातूनच जातो.

तळलेल्या चिकनची बशी येते. सगळ्यांच्या चिकनवर न विचारता लिंबू पिळावं का, यावर जपानात खरोखर वाद होतात. म्हणून हा लिंबाची फोड हातात धरून टेबलभर परवानगी मागतो. तेवढ्यात साहेब जाहीर करतात, आज बुरेइको, लहानथोर कुणी नाही! नवी पोरं खूश. कान्जी-सान मुकाट्याने त्यांच्या हातात बाटली देऊन त्यांना साहेबांचा ग्लास भरायला पिटाळतो. शुक्रवारनंतर सोमवार येतो, हे त्याला ठाऊक असतं.

शेवटी ‘योऽ’ म्हणत सगळ्यांची मिळून एकच टाळी. इच्चो-जिमे. संपलं असं मात्र समजू नका. रस्त्यावर घोळका रेंगाळतो. घरी कुणी जात नाही, पुढे कुठे जायचं ते कुणी बोलत नाही. निजिकाईची, म्हणजे दुसऱ्या बैठकीची, जागाही यानेच धरलेली असते. वर्गणीत साहेबांकडून जास्त घ्यायचे, पोरांकडून कमी, आणि उरलेली तूट स्वतःच्या खिशातून भरायची. उद्या डोकं चढू नये म्हणून बाकीचे संध्याकाळी येतानाच हळदीच्या पेयाची बाटली रिचवून आलेले असतात. याला तिची गरजच पडत नाही. प्यायला वेळ कुठे मिळाला?

हल्ली आपली बरीच मुलं तोक्योत नोकरीला आहेत, त्यांच्या आईवडिलांना एक विनंती. मुलगा शाकाहारी असेल तर तक्त्यात गोल भरतानाच तसं कळवायला सांगा, पानावर बसल्यावर नको. तिथल्या बहुतेक रश्शांत दाशी असते आणि दाशीत बहुधा मासळी. ऐनवेळी कळलं तरी कान्जी-सान नाही म्हणणार नाही. आपलं जेवण सोडून मुदपाकखान्याच्या दारात जाऊन उभा राहील. आणि हेही सांगा, की अधूनमधून त्याच्या ग्लासात बिअर ओत. आपला ग्लास आपणच भरायची तिथे रीत नाही, आणि दाराजवळ त्याच्या शेजारी सहसा कुणी बसत नाही.