मैत्रीचं ॲडव्हान्स बुकिंग

मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली. पेढे वाटून झाले, स्टेटस ठेवून झालं, बँकेने कर्जही मंजूर केलं. सुटलो म्हणता? थांबा. अजून प्री-ओरिएंटेशन निवडायचंय.

ही काय भानगड? तर ओरिएंटेशनच्या आधीचं ओरिएंटेशन. कॉलेज उघडण्याआधी नव्या मुलांना चार-सहा दिवस गटागटाने कुठेतरी न्यायचं. का? पहिल्या दिवशी मेसमध्ये एकट्याने जेवायची वेळ येऊ नये म्हणून.

डार्टमथ कॉलेज १९३५ पासून मुलांना न्यू हॅम्पशरच्या डोंगरात नेतंय. प्रिन्स्टनचं 'आउटडोअर ॲक्शन' १९७४चं, हार्वर्डचा डोंगरी कार्यक्रम १९७९चा. पुढे मेन्यू वाढत गेला. समाजसेवा घ्या, कला घ्या, शेती घ्या. येलच्या 'हार्वेस्ट'मध्ये मुलं कनेक्टिकटच्या शेतांवर राहतात, तण काढतात, भाजी खुडतात.

साताऱ्यात आजोबांच्या शेतावर हाच नातू बांधावर उभा राहून नेटवर्क शोधत होता.

काही ठिकाणी पसंतीक्रम भरून द्यायचा, मग जागावाटप. हे ऐकून आपल्या पालकांच्या जिवात जीव येतो. कॅप राउंडच की! लगेच व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आणि तासाभरात कुणीतरी विचारतंच: गेल्या वर्षी कटऑफ कितीवर होता?

मैत्रीचा कटऑफ.

सगळ्यांचा डोळा अर्थात डोंगरावर. त्याची सामानाची यादी जरूर वाचा. सुती कपडे नकोत. भिजले की वाळत नाहीत आणि थंडीत जिवावर बेततं. म्हणजे आईने घेतलेल्या डझनभर बनियन बाद. बूट कोरे नकोत, पायात मुरलेले हवेत. फोन बऱ्याच ठिकाणी जमा. आंघोळ नाही. डिओडरंटही नाही, कारण वासावर अस्वल येतं. जेवणाची पिशवीसुद्धा रात्री झाडाला उंच टांगायची. आणि सकाळच्या विधीसाठी हातात छोटं खुरपं. खड्डा सहा ते आठ इंच खोल, पाण्यापासून दोनशे फूट लांब.

गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी आपण वाजतगाजत लावली. आता मुलगा डॉलर मोजून उघड्यावर बसणार. आजीला यात काहीच नवल वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "टमरेल देतात की इथून न्यायचं?"

आता दुसरं टोक. हार्वर्डात बरीच वर्षं 'फॉल क्लीन-अप' नावाचाही पर्याय होता. सत्र सुरू होण्याआधी हॉस्टेलच्या खोल्या आणि बाथरूम घासायच्या. डोंगरावर जायचे पैसे भरायचे, इथे पैसे मिळायचे. मग कोण कुठे जात असेल?

ओळखलंत.

मैत्री करायला निघालेली मुलं पहिल्याच आठवड्यात खिशाप्रमाणे दोन रांगांत. समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी २०१९ साली 'द प्रिव्हिलेज्ड पुअर' या पुस्तकात बड्या विद्यापीठांतल्या असल्याच रांगा दाखवल्या. कॉलेजं म्हणतात, गरजूंना फी माफ. खरं आहे. बूट-सॅकही काही ठिकाणी उसनी मिळते. सुट्टीतल्या नोकरीचा बुडालेला शेवटचा पगार मात्र कुणी उसना देत नाही. प्रिन्स्टनमध्ये आता सगळीच नवी मुलं अशा छोट्या गटांत जातात. ठीक. मग त्याला 'प्री' का म्हणायचं?

आपल्या घरांत साफसफाईचा पर्याय चर्चेलाही येत नाही. एवढे क्लास लावले ते अमेरिकेत जाऊन संडास घासायला? पण खुरप्याने खड्डा खणला की ती 'लीडरशिप'. फोटो फॅमिली ग्रुपवर, काकांचा अंगठा दुसऱ्या मिनिटाला.

सगळ्यात कंटाळवाणा कार्यक्रम परदेशी विद्यार्थ्यांचा. बँकेचं खातं, आरोग्य विमा, सिमकार्ड, व्हिसाचे नियम. म्हणजे नेमकं जे अडतं तेच. त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून पसंतीत तळाला. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर, कॉलेजने दिलेल्या आय-२० या कागदावरच्या सुरुवातीच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, हे तरी तिकीट काढताना कोण बघतं? आणि साडेनऊ तासांनी घड्याळ उलटं झालेलं पोरगं विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी डोंगर चढणार, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

आपल्याकडे हा प्रकार नाही असं समजू नका. यूजीसीने २०१९मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' आणला. तिकडे तंबू, इकडे सभागृह. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि मागच्या रांगेत पेंगणारी नवी बॅच. ओळख होते ती व्यासपीठावरच्या पाहुण्यांची.

असो. अर्जाची मुदत आज रात्री संपतेय. शेवटचा प्रश्न: 'तुम्हाला या कार्यक्रमात का यायचंय? दीडशे शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहा.' बाबा दोन रात्री त्यावरच बसलेत. मजकूर झालाय एकशे साठ, दहा कापायचेत. मुलगा आत झोपलाय. उठवून विचारावं का?

छे. त्याला काय कळतंय त्यातलं!