पर्वा इल्ले

माझं वय झालं ते एका मंगळवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, बेझंट नगरच्या किनाऱ्यावर. सोमवारपर्यंत मी चांगली 'अक्का' होते. सुंडल विकणारा मुलगा रोज डबा घेऊन समोर उभा राहायचा, "अक्का, सुंडल?" विचारायचा आणि तेंगा-मांगा-पट्टाणी, म्हणजे खोबरं, कैरी नि वाटाणे, कागदात बांधून द्यायचा. मंगळवारी तोच मुलगा, तोच डबा, तोच भाव. म्हणाला, "मामी, सुंडल?" मी मागे वळून पाहिलं. मागे समुद्र होता.

आपल्याकडे मामी व्हायला निदान एक भाचा लागतो. चेन्नईत नुसते केस पांढरे झाले तरी भागतं. मामीच्या पुढची पायरी 'पाट्टी', म्हणजे आजी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना ती बढती मिळाली तेव्हा त्या आठवडाभर किनाऱ्याकडे फिरकल्या नाहीत.

मी मूळची दादरची. आमचा समुद्र पश्चिमेचा, म्हणजे संध्याकाळचा. कठड्यावर बसायचं, भेळ खायची, सूर्य बुडाला की "चला, कुकर लावायचाय" म्हणत उठायचं. दादरला समुद्रावर जातात ते हवा खायला, आणि खाणं आलं की आमच्याकडे बसणं आलंच. नवऱ्याची बदली झाली आणि चार वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो, तेव्हा पहिला धक्का भूगोलाचा बसला. इथे सूर्य समुद्रातून वर येतो, आणि तोही सहाच्या आसपास. त्याला गाठायचं तर पाचला उठायला हवं. मला ते जड गेलं नाही. त्या वर्षी मी तशीही रोज साडेचारला घामाघूम होऊन जागी व्हायचे आणि पंख्याकडे बघत पडायचे. पंख्यापेक्षा समुद्र बरा.

पहिल्या पहाटे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, केसांत मोगरा आणि पायांत पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, अशा सहा मामी एका ओळीत झपाझप चालत येत होत्या. मी बाजूला झाले, नाहीतर तुडवलीच गेले असते. त्यांच्या मागे वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, गुडघ्यावर दुमडलेले एक गृहस्थ उलटे चालत होते. आणखी एक जण टाळ्या वाजवत चालले होते, कसल्याही कारणाशिवाय. तिसरे सूर्याकडे तोंड करून मोठमोठ्यानं हसत होते. आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं!

शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळून मी अशा टाळ्या वाजवत गेले असते, तर मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना तीन फोन गेले असते. आपल्याकडे 'या वयात शोभतं का' या प्रश्नातलं वय नेमकं कोणतं, ते मला अजून कळलेलं नाही. पंधराव्या वर्षी दोरीच्या उड्या मारल्या तर "घोडी झालीस आता." पंचविसाव्या वर्षी, "लग्न झालंय आता." चाळिशीत, "मुलं मोठी झाली आता." आणि पन्नाशीनंतर एकदम, "अगं, जरा हालचाल ठेव." म्हणजे शोभायचे दिवस मधल्या मधे कधी येऊन गेले, कुणी सांगितलंच नाही.

इथे मी टाळ्या वाजवते. उलटीही चालते. यात माझ्या गुडघ्यांपेक्षा माझ्या अज्ञानाचा वाटा मोठा आहे, कारण मला तमिळ येत नाही. लोक काय म्हणतील ही भीती पोटात घेऊन मी पन्नास वर्षं काढली. आता ते काय म्हणायचं ते म्हणतात आणि मला अक्षर कळत नाही. तब्येतीला इतकं मानवलेलं दुसरं औषध नाही. मराठी माणूस या शहरात येऊन म्हातारा होत नाही याचा एक मोठा पुरावा तर भिंतीभिंतीवर लावलेला असतो. शिवाजीराव गायकवाड, जन्म 1950, बंगळूरचे माजी बसकंडक्टर, चालू नाव रजनीकांत. 2023 साली 'जेलर' आला तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते आणि पडद्यावर गुंडांना लोळवत होते. पडद्याबाहेर तेच गृहस्थ टक्कल, पांढरी दाढी आणि वेष्टी अशा अवतारात खुशाल फिरतात. मी त्याच महिन्यात केसांना रंग लावणं सोडलं. मामीपद अधिकृत झालं ते बहुधा त्यामुळेच.

रविवारी आम्ही मरीनावर जातो. नवऱ्याला चालताना इतिहास सांगायची खोड आहे, त्यामुळे तो आपोआप मागे पडतो आणि माझा वेग बरा राहतो. पण एकदा त्यानं जे सांगितलं त्यानं मी थांबले. हा फिरायचा रस्ता 1884 साली मद्रासच्या गव्हर्नरानं बांधून घेतला. सिसिली बेटाच्या आठवणीनं त्याला 'मरीना' हे नाव दिलं तेही त्यानंच. गव्हर्नराचं नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. ग्रँट डफ म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साताराच यायला हवा, आणि तो बरोबर येतो. सातारा दरबारी रेसिडेंट असलेला, 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापणारा जेम्स ग्रँट डफ याचा हा मुलगा. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनचं नाव बापानं पोराला ठेवलं. पोराचा जन्म 1829 चा. म्हणजे मरीना झाली तेव्हा तो पंचावन्नचा होता.

मीही पंचावन्नची. बापानं आमचा इतिहास लिहिला, तो कसा लिहिला यावर आमच्याकडे अजून भांडणं चालू आहेत. मुलानं मात्र मराठी बाईच्या गुडघ्यांची सोय केली, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार असली तर वाळूची. रस्त्यापासून पाण्यापर्यंत सरासरी तीनशे मीटर वाळू तुडवावी लागते, म्हणजे समुद्र दिसतो तिथे तो नसतो. पूर्वी हे एवढं लांब नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेला बंदराचे धक्के बांधले. दक्षिणेकडून किनाऱ्यालगत वाहत येणारी वाळू तिथे अडली आणि साठत साठत मरीना रुंदावली. पलीकडे रोयापुरमच्या बाजूला वाळू पोचेना, तिथे समुद्र जमीन खात सुटला. प्रवाह अडवला की एका बाजूला साठत जातं, हे माझ्या कमरेकडे पाहून त्या इंजिनियरांना आधीच सांगता आलं असतं.

बेझंट नगरला चालून झालं की त्या सहा मामी मला रस घ्यायला नेतात. फिरायला येणाऱ्यांसाठी पहाटे डबे मांडलेले असतात. त्यात केळीच्या गाभ्याचा रस, कोहळ्याचा रस, आणि एक हिरवागार, 'अरुगमपुल'. मी अर्धा पेला प्यायल्यावर विचारलं, अरुगमपुल म्हणजे काय? केशरी बुटांच्या मामींनी (बाकीच्यांचे पांढरे, यांच्या नातवानं अमेरिकेहून केशरी पाठवलेत) वाकून कडेचं गवत उपटून दाखवलं. दुर्वा! एकवीस एकवीसच्या जुड्या मोजून वाहण्यात जिचा जन्म गेला, ती बाई रस्त्यावर उभी राहून अंदाजे शेदोनशे जुड्या एका दमात पीत होती. मग आठवलं, अनलासुर गिळल्यावर गणपतीच्या पोटातली आग दुर्वांनीच शमली होती. पोटाच्या आकारात मी त्याच वाटेवर आहे, तेव्हा हरकत नसावी. चव हिरवळीवर पाणी मारणाऱ्या नळीसारखी. गुण विचारलेत तर मामींचं उत्तर ठरलेलं असतं, "एल्लात्तुक्कुम नल्लदु." सगळ्यालाच चांगलं.

चालण्यावर मी खूश होते. घोटाळा लेकीनं केला. पंचावन्नाव्या वाढदिवसाला साडीऐवजी तिनं मला सर्फिंगचे धडे दिले. बेझंट नगरला पाण्यात शिरण्यात अर्थ नाही, पाणी फसवं आहे. बुडणाऱ्याला वाचवताना 1930 साली बुडालेल्या श्मिट या डॅनिश माणसाचं पांढरं स्मारक तिथे उभंच आहे. सर्फिंग चालतं कोवलमला, महाबलीपुरमच्या रस्त्यावरच्या कोळीवाड्यात. तिथे 2013 साली सर्फिंगचा महोत्सवही सुरू झाला आणि क्रिकेटपटू जाँटी ऱ्होड्स त्यात लाटांवर उभा राहून गेलाय. "तो तुझ्याच वयाचा आहे, आई," लेक म्हणाली. खरंय, आम्ही दोघं 1969 चे. पण 1992 साली तो इंझमामला धावबाद करायला हवेत आडवा झाला होता, तेव्हा मी पाट मांडत होते.

शिकवणारा कोळ्याचा मुलगा, वय बावीस. याचे आजोबा चार ओंडके दोरीनं बांधून त्यावर उभ्यानं लाटा ओलांडायचे. त्या ओंडक्यांचं नाव कट्टुमरम, बांधलेलं लाकूड, आणि इंग्रजीतला कॅटमरान हा शब्द त्यावरूनच गेला. तेव्हा त्याला कुणी सर्फिंग म्हणत नव्हतं, मासेमारी म्हणत होते. मुलानं शेळीला बांधतात तशी माझ्या घोट्याला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक फळीला. आधी वाळूवरच पालथं पडायचं, बरगड्यांपाशी हात टेकायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं. आता पंगतीतून उठताना मी एक हात जमिनीला, दुसरा शेजारणीच्या खांद्याला आणि तोंडानं "अगं आई गं" अशी तीन टप्प्यांत उठते. झटका हा प्रकार माझ्याकडे राहिलेला नाही.

पाण्यात गेलो. पोरगा मागून ओरडत होता, "मेदुवा, मामी, मेदुवा!" सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे हा मला मेदूवडा का देऊ करतोय असं वाटून मी तोंड वळवलं. लाट बरोबर तेव्हाच आली. मेदुवा म्हणजे हळू, हे बंगालचा उपसागर नाकातून आत गेल्यावर समजलं. त्या दिवशी मी अकरा वेळा पडले. मंगळागौरीत 'गाठोडं' नावाचा खेळ असतो, तो मी चांगला खेळायचे. इथे समुद्र माझ्याशी खेळत होता.

दर वेळी मी वर आले की तो मुलगा हसून म्हणायचा, "पर्वा इल्ले, मामी." इल्ले म्हणजे नाही, आणि पर्वा म्हणजे आपलीच पर्वा. शब्द आमच्याकडेही तोच, पण आम्ही तो भांडणात वापरतो. "मला पर्वा नाही!" म्हणून दार आपटायचं. इथे तो पडलेल्या माणसाला उठवायला वापरतात.

दुसऱ्या रविवारी मी उभी राहिले. उभी म्हणजे काय, पूर्ण उठायला वेळ नव्हता म्हणून अर्ध्यातच थांबले, आणि शरीराला अचानक आठवलं की हे तर ओळखीचं आहे. बसफुगडी! गुडघे दुमडलेले, पाठ ताठ, हात पुढे. फक्त हात धरायला समोर कुणी नव्हतं. त्या आसनात मी चार सेकंद लाटेवरून आले. काठावर दोन म्हातारे कोळी जाळं निवडत होते, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात घातली. नवऱ्यानं चित्रफीत घेतली. तिच्यातल्या चार सेकंदांपैकी दोन सेकंद त्याचा अंगठा आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्यावर नणंदेचं उत्तर आलं, "काळजी घे गं." म्हणजे तेच, शोभतं का.

याच हिवाळ्यात एका रात्री कासवांच्या मागेही चालून आले. जानेवारी ते एप्रिल इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. विद्यार्थ्यांनी 1988 साली सुरू केलेलं स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क नीलांकरैपासून बेझंट नगरपर्यंत रात्रभर चालत घरटी शोधतं आणि हौशी लोकांनाही सोबत घेतं. सात किलोमीटर ओली वाळू! माझ्या पोटऱ्या पाचव्या किलोमीटरला सासरी निघून गेल्या. पण कासवीण पाहिली. आपण ज्या भागातल्या वाळूत जन्मलो तिकडेच ती अंडी घालायला येते, म्हणजे बाळंतपणाला माहेरी. शंभरेक अंडी, मग वाळू लोटून अंगानं थोपटणं, आणि मागे न बघता परत. नर मात्र पाण्यात गेला तो पुन्हा किनाऱ्यावर सहसा येतच नाही. आमचा नर त्या रात्री घरी झोपलेला होता.

आता एक काम राहिलंय. दुर्वांच्या रसाची परतफेड म्हणून मी मागच्या शनिवारी मामींसाठी थर्मासमधून सोलकढी नेली. लसूण त्या खात नाहीत, म्हणून तिच्यावाचून, म्हणजे अर्ध्या मनानं केलेली. इथल्या मैलापूरचं रोझमिल्क प्रसिद्ध आहे, आणि सोलकढीचा रंग हुबेहूब तोच. सहाही मामींनी गोड समजून मोठा घोट घेतला. हिरवी मिरची लागल्यावर ओळीत प्रथमच गडबड झाली. केशरी बुटांच्या मामींनी डोळे पुसले, पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "पर्वा इल्ले." या शब्दाचा 'बरी आहे की' असाही अर्थ होतो, आणि त्यांनी पेला पुन्हा भरून घेतला.

माझी आमसुलं संपली आहेत. कुणी चेन्नईला येणार असाल तर पाव किलो घेऊन या, मालवणकडची असली तर उत्तम. पहाटे साडेपाचला बेझंट नगरच्या किनाऱ्यावर टाळ्या वाजवत चालणारी बाई दिसली, तर ती मीच.