सोवळ्यातलं मशीन

नानांच्या आजीच्या सोवळ्याच्या गोष्टी आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. दांडीवरची धाबळी काठीनंच काढायची, पाण्याच्या हंड्याला कुणी शिवायचं नाही, पोरांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरूनच खाऊ मागायचा. नाना हे रंगवून सांगत आणि शेवटी म्हणत, "कसलं हो ते खूळ!" ही गोष्ट त्यांनी लेझर कटर घेण्याआधीची.

बँकेतून निवृत्त झालेली माणसं देवस्थानाच्या कमिटीत जातात, नाहीतर सोसायटीच्या. नानांनी चाळीस वॅटचं एक चिनी मशीन आणलं आणि बंगळुरूला गेलेल्या मुलाच्या खोलीत बसवलं. "मशीन चीनचं असेल," ते बजावतात, "पण हा लेझर मूळचा बारामतीचा." मग पुढची माहिती ऐकल्याशिवाय चहा मिळत नाही. कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. पटेलांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यातलं. नानांचं बी.कॉम.ही पुण्यातलंच, त्यामुळे या शोधात आपलाही किंचित हात आहे असं त्यांना वाटतं.

पहिल्या दिवशी त्यांनी एमडीएफच्या फळीतून 'श्री' कापायला घेतला आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये एकदमच दूध करपलं. निदान प्रत्येक घराला तसं वाटलं. जो तो आपापल्या गॅसकडे धावला. दुसऱ्या दिवशी ॲक्रिलिक कापलं. त्याचा वास थेट दातांच्या दवाखान्याचा, कारण कवळीही त्याच जातीच्या प्लॅस्टिकची असते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना आपली कवळीच बिघडली असं वाटलं. त्यांनी ती वाटीत काढून ठेवली आणि दिवसभर पेजेवर राहिले. तिसऱ्या दिवशी जिन्यात नोटीस लागली.

दुसरा कुणी भांडला असता. नाना अभ्यासाला बसले, आणि तिथेच माणूस हातचा गेला.

मशीनबरोबर आलेला पंखा टेबलावरचे कागद उडवण्याच्या लायकीचा होता. तो काढून त्यांनी सहा इंची पाइप आणि मोठा पंखा आणला. पाइप शक्य तितका आखूड आणि सरळ, कारण प्रत्येक वळणाला हवा दमते. या सरळपणाच्या आड मुलाचं कपाट येत होतं, ते हलवलं. पंखा मशीनपाशी न लावता दुसऱ्या टोकाला, खिडकीत लावला. याचं कारण नाना येईल त्याला सांगतात, कुरिअरवाल्यालासुद्धा : "पंखा मशीनजवळ असला की पाइपात हवा कोंबली जाते. पाइपाला कुठे बारीक भोक असलं तर धूर घरात. तोच पंखा खिडकीत असला तर त्याच भोकातून घरातली हवा आत ओढली जाते. गळती तीच, पण आपल्या बाजूची!" शेवटचं वाक्य बँकेतलं असावं.

इतकं करूनही धूर खोलीत घुटमळतच राहिला. नाना उदबत्ती घेऊन पाइपाच्या प्रत्येक सांध्यापाशी फिरले. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना वाटलं, या वयात तरी बाबाला देव आठवला. दोष पाइपात नव्हताच. वास बाहेर जाऊ नये म्हणून नानांनी दाराच्या फटीत टॉवेल कोंबला होता, आणि बंद खोलीत पंखा बिचारा जागच्या जागी घरघरत होता. टॉवेल निघाला, दार वीतभर उघडं राहिलं आणि धूर निमूट निघून गेला. तेव्हापासून नानांचं ब्रीदवाक्य ठरलं : आत आल्याशिवाय बाहेर जात नाही.

धुराचा बंदोबस्त झाला आणि सोवळं सुरू झालं.

मशीनच्या पोटात तीन आरसे आणि एक लेन्स असते. लेन्स झिंक सेलेनाइडची, पिवळसर, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी. तिच्यावर काजळीचा ठिपका बसला की तो किरण पितो, तापतो आणि एक दिवस लेन्सला तडा जातो. म्हणून आठवड्यातून दोनदा लेन्सचं स्नान असतं. त्या वेळी खोलीत बोलायचं नाही. फुंकर तर मारायचीच नाही, थुंकी उडते. आधी रबरी पंपानं धूळ उडवायची, मग लेन्सच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाकून तो कागद नुसता ओढून घ्यायचा. घासायचं नाही. हात आधी धुवायचे, कारण बोटाचा तेलकटपणा लेन्सला चालत नाही. आणि नंतरही धुवायचे, कारण लेन्समधलं सेलेनियम आपल्याला चालत नाही. आजीचं सोवळं एका बाजूनं होतं. नातवाचं दोन्ही बाजूंनी आहे.

लेझरच्या नळीला थंड ठेवणारं पाणी डिस्टिल्ड. नळाचं वर्ज्य. त्या बादलीला नानी शिवली तर ती पुन्हा भरावी लागते. मे महिन्यात त्या पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडतात, त्यासाठी फ्रीजरमधला आमरसाचा डबा दोन उन्हाळे आमच्याकडे मुक्कामाला होता. परत किती गेला ते विचारू नये. लेन्सवर सतत हवा मारायला माशांच्या टाकीचा पंप आहे. खालच्या, मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत अडकलेले तुकडे रोज झाडून काढतात, कारण आग लागते ती बहुधा त्या कचऱ्यातूनच. जाळीवरचा चिकट, तपकिरी राळेचा थर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजतो, आणि तो भिजतो ती परात नानींची असते.

या सगळ्याचं रजिस्टर आहे. तारीख, आरसा क्रमांक, लेन्स, पंखा, जाळी, शेरा. शेरा नेहमी 'समाधानकारक', खाली सही.

नानींचं म्हणणं एवढंच, की स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी सहा वर्षं कुणी काढलेली नाही, आणि तिचं तेल आता फोडणीत ठिबकतं. "अहो, तिच्यावर पण एक लेझर बसवू का?" असं त्या विचारतात. नाना ते रजिस्टरमध्ये घेत नाहीत.

गणपतीच्या आधी सोसायटीची पोरं मखरासाठी सनबोर्ड घेऊन आली. नाना उठले, तांब्याची तार पक्कडीत धरून गॅसवर लाल केली, सनबोर्डला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नाना गंभीर. "हिरवी म्हणजे क्लोरिन. हे पीव्हीसी. कापलं की ॲसिडचा धूर. आधी तुमची फुफ्फुसं, मग माझे आरसे आणि रूळ!" क्रम त्यांनी बरोबर सांगितला, पण आवाज आरशांवर चढला. हे त्यांच्या घरचं अभक्ष्य. रेक्झीन, फ्लेक्स, सनबोर्ड, कुणी कितीही गळ घातली तरी उंबऱ्याबाहेर.

शेवटी प्लायवूड आलं. आधी दोन तास साफसफाई झाली, मग कापणं. पोरं म्हणाली, "नाना, चालू द्या, तोवर खाली चहा घेऊ." नाना हलले नाहीत. चालू मशीन सोडून उठायचं नाही, हा त्यांचा शेवटचा आणि सगळ्यांत कडक नेम. फोन वाजला, बेल वाजली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नाना बसलेलेच. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. पेटवणारा तोच वायू आणि विझवणाराही तोच, हे सांगताना त्यांचा चेहरा कीर्तनकारासारखा होतो. अकराव्या तुकड्याला कोपऱ्यात ज्योत धरली. नानांनी बटण दाबलं, ज्योत आपोआप विझली, सिलिंडरची पिनही काढावी लागली नाही. तो चहा नानांनी घेतला असता तर काय झालं असतं, यावर पोरं जरा वेळ गप्प होती. मखर चतुर्थीच्या पहाटे पूर्ण झालं. प्रतिष्ठापनेच्या आधी गुरुजींनी विचारलं, "सोवळ्यात आहात ना?" नाना म्हणाले, "हात दोनदा धुतलेत."

गेल्या आठवड्यात आमच्याकडे दूध खरंच करपलं. आम्ही दोघंही गॅलरीत फोनवर. जिन्यात धूर गेला, पण एकही दार उघडलं नाही. सगळ्यांना वाटलं, नानांचं चाललंय. आले ते एकटे नानाच, हातात लेन्सचा कागद तसाच. "हे एमडीएफ नाही," ते दारातूनच म्हणाले, "म्हशीचं दूध आहे." त्यांनी आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली आणि पुढचं दार वीतभर उघडं ठेवलं. जाताना वर बघून म्हणाले, "तुमची चिमणी मात्र फार घाण आहे हो."