गॅझेटियरात नसलेला डोंगर

आमच्या साडूभाऊंचा मुलगा आयर्लंडमधल्या ट्रिम नावाच्या गावी नोकरीला लागला, तेव्हापासून दर रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर एक किल्ला येऊन पडतो. किल्ला दर वेळी तोच. कधी धुक्यात, कधी उन्हात, कधी समोर मेंढ्या, कधी समोर भाचा. आयर्लंडमधला हा सगळ्यात मोठा अँग्लो-नॉर्मन किल्ला, बॉइन नदीच्या काठी उभा, आणि ‘ब्रेव्हहार्ट’ सिनेमाचं चित्रीकरण तिथं झालेलं, एवढी माहिती आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. फोटोखाली साडूभाऊ न चुकता लिहितात, ‘याला म्हणतात किल्ला! नाही तर आपल्याकडे...’ एका रविवारी बदल म्हणून किल्ल्याऐवजी दगडी खांब आला. खांबाच्या पायथ्याशी बसून भाचा बटाट्याचे काप खात होता. साडूभाऊंनी लिहिलं, ‘याला म्हणतात खांब!’

ती पुढची टिंबं आमच्या हिला झोंबली. कारण ‘आपल्याकडे’ म्हणजे जुना जालना, म्हणजे हिचं माहेर. “जालना सोने का पालना म्हणतात, आणि यांना पाळण्यात काही दिसत नाही. मस्तगड घरापासून दहा मिनिटांवर. जन्मात कधी मान वर करून बघितला असेल का?” असं म्हणून हिनं माझ्याकडे बघितलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. निवृत्त माणसाकडे बायकोनं असं बघितलं, की काम निघालंय हे समजावं.

दिवाळीला जालन्याला गेलो तेव्हा माझ्या खिशात नवा फोन होता आणि डोक्यात जुनं गॅझेटियर. स्टेशनवर उतरल्या उतरल्या पहिला फोटो काढला. हिनं बघितला आणि म्हणाली, “उजव्या कोपऱ्यात तुमचं बोट आलंय.” मी म्हटलं, “लेन्सवर वाफ धरली असेल.” नोव्हेंबरात, दुपारी बारा वाजता, जालन्यात.

जालना म्हणजे खरं तर दोन गावं. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. नव्या जालन्यात पैसा. बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडी सळयांचे कारखाने, ही या शहराची आजची ओळख. १९६४ साली इथं महिकोची सुरुवात करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण बियाण्याचा फोटो काय काढणार? त्यामुळे आम्ही राहिलो जुन्यात. जुनेपणाबद्दल कोणाला शंका राहू नये म्हणून इथल्या पोलीस ठाण्याचंच नाव ‘कदीम जालना’ आहे. कदीम म्हणजे प्राचीन. साखळीचोरी आज सकाळची का असेना, नोंद कदीम.

गाडी साडूभाऊंची, चालवणारेही तेच. मी मागे, हातात फोन. त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट केलं, “दादा, तुम्ही म्हणता म्हणून येतो. बाकी काय आहे इथं बघायला?”

हे वाक्य मी पुढच्या तीन दिवसांत अनेकांकडून ऐकलं. पानवाल्यानं म्हटलं, चहावाल्यानं म्हटलं, मूर्ती दरवाजाच्या सावलीत बसून पेरू विकणाऱ्या आजींनीही म्हटलं. गावाच्या तटबंदीचे जे दोन दरवाजे जुन्या गॅझेटियरनं बऱ्या अवस्थेत म्हणून नोंदवलेत, त्यातला हा एक. दुसरा हैदराबाद दरवाजा. मी दरवाजाच्या कमानीवर फोन रोखला. कमानीच्या अलीकडे विजेच्या तारा, तारांच्या अलीकडे कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, फ्लेक्सच्या अलीकडे पेरू. मी आजींना म्हटलं, “आजी, गाडा जरा बाजूला घेता का?” त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. मी अतिक्रमणवाला नाही ना, याची खात्री करून घेतली, मग पदर सारखा केला, पेरू नीट रचले, आणि गाडा होता तिथून वीतभर पुढे, बरोबर कमानीच्या मधोमध आणून उभा केला. “आता काढा,” म्हणाल्या. काढला. पेरू फार चांगले आले आहेत.

मस्तगडावर मात्र मी मन लावून तयारी केली होती. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानानं १७२५ साली गावाच्या पूर्वेला, कुंडलिकेच्या काठी किल्ला आणि हा बालेकिल्ला बांधला. किल्ला चौकोनी, कोपऱ्यांना अर्धवर्तुळाकार बुरूज, बांधकामाचं साल सांगणारा फारसी शिलालेख. पुढे बालेकिल्ल्यात नगरपालिकेचं दफ्तरही बसलं. पण मला हवी होती विहीर. गडात एक प्रचंड विहीर आहे, तिला आतून सज्जे आणि खोल्या आहेत, असं वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. आयर्लंडच्या किल्ल्याला असेल काय अशी विहीर? एका फोटोत साडूभाऊंची टिंबं पुसली गेली असती.

गडाखालच्या आळीत शिरलो. पहिल्याच ओट्यावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

“भाऊ, इथं ती मोठी विहीर कुठं आहे?”

त्यांनी पेपर खाली ठेवला, आत तोंड करून हाक मारली, “पाणी आण गं!” आणि मला म्हणाले, “बसा. उन्हाचं कशाला हिंडता?”

स्टीलच्या तांब्यात पाणी आलं, वर पेला पालथा. नाही म्हणण्याची सोय नव्हती. ज्या गावात नळ आला की लोक लग्नाचं आमंत्रण पुढे ढकलतात, त्या गावात समोर आलेलं पाणी नाकारणं म्हणजे यजमानाला शिवी देणं. प्यायलो. उठलो. दहा पावलांवर एक काकू पापड वाळत घालत होत्या.

“काकू, इथं जुनी विहीर...”

“अगंबाई, तहान लागली होय? थांबा.”

हा पेला पितळी होता. तिसऱ्या ठिकाणी मी हुशार झालो आणि विहीर हा शब्दच टाळला. म्हटलं, “चाचा, वो किले में सज्जेवाली, कमरेवाली जगह है ना, जिसमें नीचे उतरते हैं...” चाचांनी क्षणभर विचार केला, समजुतीनं मान हलवली, आणि रूहअफजा घातलेलं पाणी मागवलं. वर म्हणाले, “क्या देखते वहाँ साब, कुछ बी नहीं.” साडूभाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चाचांनी त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

पाच पेले झाल्यावर मला वेगळीच निकड उत्पन्न झाली आणि आम्ही घाईनं घरी परतलो. विहिरीचा फोटो राहिला. पण मस्तगडाच्या पाण्याबद्दल मी आता अधिकारवाणीनं बोलू शकतो.

दुसऱ्या दिवशी काळी मशीद. जमशेदखानानं बांधलेली, सोबत हमाम आणि सराई. मला हा जमशेदखान फार आवडला, कारण मशीद बांधून तो थांबला नाही. त्यानं मोती तलाव खोदवला आणि गावात पाणी आणायला जमिनीखालून नळ टाकले, मध्ये मध्ये हौद ठेवले. म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वी जालन्याला भूमिगत नळयोजना होती. साडूभाऊंना हे सांगितलं तर ते एकदम गंभीर झाले. “किती दिवसांआड यायचं?” त्यांनी विचारलं.

मोती तलावावर सूर्यास्त टिपायचा होता. सूर्य वेळेवर होता, पण मी ‘सेल्फी’चं बटण दाबून बसलो होतो, त्यामुळे ओळीनं एकवीस फोटोंत माझ्याच नाकपुड्या आल्या आहेत, सोनेरी प्रकाशात. बाविसावा बरा आला. त्याच्याही उजव्या कोपऱ्यात वाफ.

आनंदीस्वामींच्या मंदिरात गेलो तेव्हा प्रथमच कोणी ‘काय आहे बघायला’ म्हटलं नाही. हे जुन्या जालन्याचं काळीज. महादजी शिंद्यांनी मंदिर बांधलं असं सांगतात, आणि आषाढी एकादशीला इथली गर्दी बघितली की पंढरपूरला न जाताही वारी घडल्यासारखं वाटतं. मी फोन काढला, तशी ही म्हणाली, “आधी हात जोडा.” हात जोडले. फोन काखेत होता, त्यानं काखेतूनच फोटो काढला. तिन्ही दिवसांतला बोट न आलेला तेवढा एकच.

अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे. तो मासा टिपायला आम्ही टेकडीला प्रदक्षिणा घातली. एकानं सांगितलं, डोकं इकडे. दुसऱ्यानं तिथंच शेपूट दाखवली. मी दोघांचंही मन राखून मधला भाग काढला.

तिसरा दिवस मी राखून ठेवला होता असईसाठी. उत्तरेला भोकरदनची वाट धरली. भोकरदनलाही थांबण्यासारखं खूप आहे. हे सातवाहन काळातलं भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरली आहेत, आणि इथं उत्खननात हस्तिदंताची जी छोटी स्त्रीमूर्ती मिळाली, तिची जवळजवळ जुळी बहीण इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. ज्वालामुखीनं ते गाव इसवी सन ७९ मध्ये गाडलं. मी साडूभाऊंना म्हटलं, “परदेशी जाणारा तुमचा मुलगा काही पहिला नाही. इथली एक बाई दोन हजार वर्षांपूर्वी इटलीला जाऊन राहिली.” ते म्हणाले, “पण परत कुठं आली?” आणि मग राजूर मागे पडल्यापासून धरलेला वेग त्यांनी कमी केला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

असई हे गाव केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्ली नावाचा चौतीस वर्षांचा सेनापती चालून आला. तीनच आठवड्यांपूर्वी, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला होता. वेलस्लीकडे जेमतेम सात हजार माणसं. समोर त्याच्या कितीतरी पट फौज आणि शंभराच्या आसपास तोफा. मध्ये केळणा. नदी ओलांडायची कुठून? बरोबरच्या वाटाड्यांनी एकमुखानं सांगितलं, इथं उतार नाही. वेलस्लीनं बघितलं, की नदीच्या दोन्ही काठांना अगदी समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरुड. तो म्हणाला, समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे. आणि होता. तिथून फौज पार झाली, संध्याकाळपर्यंत लढाई जिंकली. त्याची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली. पुढे हाच वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हातारपणी कोणी विचारलं की रणांगणावर तुम्ही केलेली उत्तम गोष्ट कोणती, तर तो एकच शब्द बोलला, ‘असई’.

नदीला गुडघाभर पाणी होतं. काठावर एक आजोबा शेळ्या चारत होते. मी दोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

“बाबा, इथं नदीला उतार आहे का?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “काय बघायला आले तुम्ही? इथं काय नाय.”

तेवढ्यात त्यांच्या शेळ्या रांगेनं पाण्यात शिरल्या आणि रमतगमत पलीकडे निघाल्या.

“मग त्या कशा चालल्या?”

“त्यायची गोष्ट येगळी,” असं म्हणून आजोबांनी माझा फोन, माझे बूट आणि साडूभाऊंची गाडी असं सगळं एकदा तपासलं. मग हसून म्हणाले, “पल्याड माझी बहीण दिलेली हाये. आम्ही काय उडत जातो व्हय?”

मला एकाएकी उजेड पडला. समोरासमोर दोन गावं म्हणजे सोयरीक आलीच, आणि सोयरीक आली म्हणजे मानपान, रुसवे, बाळंतपणं, डिंकाचे लाडू, या सगळ्यासाठी वाट आलीच. हे कळायला लष्करी प्रतिभा लागत नाही, एखादी आत्या लागते. आणि त्या वाटाड्यांना काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. बूट घातलेला अनोळखी माणूस विचारायला लागला, की ‘इथं काय नाय’ म्हणून सांगायचं, ही इकडची जुनी मोर्चेबंदी आहे. पेरूवाल्या आजी, चाचा, आमचे साडूभाऊ, सगळे त्याच पलटणीतले.

मी घाईघाईनं नदीचा, शेळ्यांचा आणि आजोबांचा फोटो काढला. आजोबा म्हणाले, “कुठं जाणार हा फोटू?” मी म्हटलं, “आयर्लंडला.” “तिथं कोण?” “यांचा मुलगा.” आजोबांनी साडूभाऊंकडे वळून विचारलं, “बरं हाये का त्याचं तिथं?” साडूभाऊ म्हणाले, “तसं बरं आहे.” त्या वेळी टिंबं नव्हती, पण ऐकू आली.

रात्री सगळे फोटो भाच्याला पाठवले आणि सोबत लिहिलं, ‘वेलस्ली आयर्लंडचा. लहानपण तुझ्या ट्रिमच्या पंचक्रोशीत गेलं, पुढे तिथूनच आयरिश संसदेत निवडून गेला. ज्या खांबाखाली बसून तू बटाटे खाल्लेस, तो १८१७ साली त्याच्याच नावानं उभारलेला आहे. वर त्याचा पुतळा आहे. असईचा उतार त्याला सापडला, तुझ्या वडिलांना परवापर्यंत सापडला नव्हता.’

भाच्याचं उत्तर आलं, ‘काका, मी रोज तिथून जातो. वर पुतळा आहे हेच आज कळलं. इथल्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, काही नाही, खांब आहे.’

पाच मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. ‘घरमालकीण बाईंना सगळे फोटो दाखवले. पेरू फार आवडले त्यांना. आणि विचारतायत, की प्रत्येक फोटोत उजवीकडे तो जो गुलाबी डोंगर दिसतो, त्याचं नाव काय?’

ही शेजारी बसून वाचत होती. मी फोन जरा आडवा धरला आणि लिहिलं, ‘तो आमच्याकडचाच. गॅझेटियरात अजून आलेला नाही.’