जरा जाड टाका!

पातळपणाविषयी आपल्या मनात पिढीजात संशय आहे. दूध पातळ दिसले की गवळ्याची नियत काढायची, अशा संस्कारात वाढलेला माणूस गाडीच्या ऑइलपाशी आला की आपसूक म्हणतो, "जरा जाड टाका." मिस्त्रीही याच मातीतले. "साहेब, ट्वेंटी-फिफ्टी टाकतो, इंजिन गप्प होईल," असे ते सांगतात आणि जुने इंजिन खरेच थोडे गप्प होते. गाडी विकायला काढणाऱ्या चतुर मंडळींना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

डब्यावरच्या आकड्यांना मात्र आपल्या संस्काराशी काही देणेघेणे नसते. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांतही इंजिनाला फिरू देते. २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ लाच संपते. निफाडला कितीही कुडकुडलो तरी या परीक्षेला बसण्याची वेळ आपल्यावर येत नाही. म्हणून तो आकडा निरुपयोगी ठरत नाही. तीस ग्रेडचे ऑइल १०० अंशांवर जेवढे जाड असते, त्याच्या साधारण सहापट ते ४० अंशांवर असते. पहाटेच्या गारव्यात तर विचारूच नका! तेव्हा सकाळी किल्ली फिरवल्यावर ऑइल लवकर वर पोचावे, यासाठी पातळपणाच कामाला येतो.

दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा. १०० अंशांवर तीस ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, पन्नासची १६.३ ते २१.९. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तो तेलाच्या पडद्यावर. धातू धातूला लागू नये एवढेच त्या पडद्याचे काम. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फेरीमागून फेरी इंजिन पिळले, की ऑइलचे तापमान १३० अंशांच्याही पुढे जाऊ शकते आणि पडदा विरळ होतो. तिथे चाळीस किंवा पन्नास ग्रेडला अर्थ आहे. अर्थात, जोरदार वळणावर सगळे ऑइल इंजिनाच्या तळातल्या भांड्याच्या, म्हणजे संपच्या, एका कडेला गेले आणि पंप कोरडा पडला, तर कुठलीच जाडी उपयोगाची नाही.

आता आपला ट्रॅक पाहू. कोथरूडहून हिंजवडी. वेग ताशी वीस, तोही देवाची कृपा असेल तर. या शर्यतीत तापतो तो बहुधा चालक. तरीही दुकानात आपण रेसिंगचे चित्र असलेला डबा उचलतो, कारण ऑइल आपण चालवतो त्या गाडीसाठी घेत नाही. चालवायची राहून गेली त्या गाडीसाठी घेतो. गाडी घेताना "किती देते?" म्हणून शोरूमवाल्याला भंडावून सोडायचे आणि मग जाड ऑइल ओतून इंजिनाला जास्तीचे ओझे वाहायला लावायचे, ही आपलीच कमाल. काही नव्या गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते ती कंजूषपणाने नव्हे. आतल्या फटी, ऑइल पंप आणि ॲव्हरेज यांचा हिशेब मांडूनच ती जाडी ठरलेली असते.

बाइकवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. बहुतेक बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीचे, घर्षण कमी करणारे ऑइल तिथे ओतले तर क्लच घसरू लागतो. म्हणून डब्यावर जासो एमए हा शिक्का पाहावा, जाडी मग.

तेव्हा वाचकहो, हातमोजे ठेवायच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली एक पुस्तिका दबलेली असेल, ती एकदा उघडा. खरोखर ट्रॅकवर जाणार असाल, तर तिथल्या उष्णतेला साजेसे ऑइल तेवढ्यापुरते भरा आणि परत आल्यावर बदला. बाकी वर्षभर पुस्तिका सांगेल तेच ऑइल, वेळच्या वेळी. वेळेवर बदललेले पातळ ऑइल हे वर्षानुवर्षे काळे होत बसलेल्या जाड ऑइलपेक्षा केव्हाही चांगले.