कर्णाचे वारस

कर्णाने कवचकुंडलं दिली खरी, पण मागितल्यावर दिली. आपल्या बसथांब्यावरचे दानशूर न मागता देतात. स्वतःच्या खिशातून पैसे मोजायचे, वर सरकारचा भरभक्कम कर भरायचा, सिगारेट पेटवायची आणि तिचा मोठा हिस्सा शेजारच्या बाईला, तिच्या कडेवरच्या पोराला आणि बाकावरच्या पेन्शनर आजोबांना वाटून टाकायचा. देणगीदार म्हणून नावाची फरशी नको की ८०-जीची पावती नको. असा निरिच्छपणा आमच्या मंडळाच्या वर्गणीदारांतही दिसत नाही.

दानाचा दर्जाही पाहा. ओढणारा स्वतः घेतो तो फिल्टरमधून आलेला धूर, आणि तोही झुरक्यापुरता. दोन झुरक्यांच्या मध्ये बोटांत नुसतीच धुमसणारी सिगारेट जो धूर सोडते, तो थेट जनतेचा. या धुमसण्याचं तापमान कमी असतं, जळणं अर्धवट होतं, म्हणून कर्करोग घडवणारी कित्येक रसायनं या धुरात झुरक्यातल्यापेक्षा जास्त सापडतात. धुरात एकंदर सात हजारांहून अधिक रसायनं, त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाच्या खात्यावर. पाहुण्याच्या पानात साजूक तूप आणि घरच्यांना डालडा, ही आपली जुनी रीत इथे तरी टिकून आहे.

एवढ्या दानाची मोजदाद व्हायला १९८१ साल उजाडलं. ताकेशी हिरायामा नावाच्या जपानी संशोधकाने ९१,५४० बायकांचा चौदा वर्षांचा हिशेब मांडला. या बायका सिगारेट ओढत नव्हत्या. त्यांचे नवरे काय करतात, एवढंच त्याने पाहिलं. नवरा जितका जास्त ओढणारा, तितकी बायकोला फुफ्फुसाचा कर्करोग होण्याची शक्यता जास्त. वटपौर्णिमा न करताही इतकी एकरूपता! अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांच्या संघटनेला मात्र हे पाहवलं नाही. गणितात चूक आहे, अशी तिने जाहीर बोंब ठोकली. गणित बरोबर निघालं. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, दुसऱ्याच्या धुराने वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसं जातात.

आपल्याकडे काँग्रेसचे नेते मुरली देवरा याविरुद्ध न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मग २००३चा कायदा आला. मग २००८मध्ये गांधीजयंतीचा मुहूर्त साधून नवे नियम लागू झाले. दंड २०० रुपये, तोही जास्तीत जास्त. तेव्हापासून दूध वाढलं, पेट्रोल वाढलं, रिक्षाचं मीटर वाढलं. भाव स्थिर राहिला तो फक्त दुसऱ्याच्या फुफ्फुसाचा. बऱ्यापैकी ब्रँडचं वीसचं पाकीट आज या दंडाहून महाग पडतं.

नियम वाचायला मात्र मौज वाटते. तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या हॉटेलला धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते. तिला छतापर्यंत चारी भिंती हव्यात, आपोआप बंद होणारं दार हवं, हवा थेट इमारतीबाहेर टाकणारी यंत्रणा हवी, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा. वाचताना वाटतं, इस्रोचं काही काम चाललंय. प्रत्यक्षात एक काचेचं दार असतं आणि ते उघडं राहावं म्हणून त्याला खुर्ची लावलेली असते. ज्या टेबलांवर मनाई आहे तिथे ॲशट्रे द्यायचा नाही, असाही नियम आहे. तो कडक पाळतात. वेटर ॲशट्रे आणत नाही. ग्लासात ओला टिश्यू घालून आणतो. आणि खोली नियमाबरहुकूम बांधली तरी काय? वेगळं बसवून आणि पंखे लावून धुराचा धोका संपत नाही, निर्धोक असं प्रमाणच नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६मध्येच लिहून ठेवलं आहे.

न्यायालयाच्या मनाईआधीचा, रेल्वेचा १९८९चा कायदा माझा विशेष लाडका. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर सिगारेट ओढू नये, असं तो सांगतो. म्हणजे आधी आपण खोकायचं, मग धीर गोळा करायचा, मग "दादा, जरा..." म्हणायचं. दादा सावकाश वळून विचारणार, "का, त्रास होतोय का?" की लगेच सगळा डबा आपल्याकडे पाहणार, जणू साखळी आपणच ओढली!

घराच्या उंबऱ्याशी तर कायदा चपला काढून बाहेरच थांबतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर मिळतो असं सांगितलं. बाळांना कोणी विचारलं नाही. बाळ झालं की बाबा जबाबदारीने गॅलरीत जातात. दार उघडंच असतं, कारण आत मॅच चालू असते. मग बाळाचा कान वाहतो, छाती घरघरते, आजी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते. डॉक्टर विचारतात, घरात कोणी सिगारेट ओढतं का? उत्तर ठरलेलं: "छे, घरात नाही." अशा घरांत तान्ही मुलं झोपेतच दगावण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर पुढे सांगू पाहतात, पण तोवर बाबांना फोन आलेला असतो. फोनवर बोलायला ते खाली जातात. खाली टपरी आहे.

आमच्या सोसायटीत जिन्यातल्या धुराचा विषय वार्षिक सभेत आला. गळक्या टाकीला पाऊण तास लागला होता, हा दहा मिनिटांत मिटला. ज्यांना धुराचा त्रास होतो त्या सभासदांनी आपापली दारं बंद ठेवावीत, फटींना पट्टी लावावी आणि तिचा खर्च स्वतः सोसावा, असा ठराव झाला. सूचक, दुसऱ्या मजल्यावरचे ओढणारे. अनुमोदक, तिसऱ्या मजल्यावरचे दमेकरी, शेजारधर्म म्हणून. ठराव सर्वानुमते मंजूर. चहा झाल्यावर समिती जिन्यात गेली.